कोटेशनरावांचा घडीचा चाकू

"लाकडी मूठ हाताला बरी वाटते, पण ओल धरते," कोटेशनराव घास हातातच धरून म्हणाले. "धातूची ओल धरत नाही, पण घामेजल्या हातातून सटकते."

"घास असाच धरून ठेवला की तोही सटकतो," बायको म्हणाली. "आधी जेवून घ्या."

कोटेशनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात ते वरच्या जागेवर होते, आणि तीन दुकानांचे भाव, म्हणजे कोटेशनं, मागवल्याशिवाय टाचणीसुद्धा घ्यायची नाही हा त्या विभागाचा धर्म होता. नमुने यायचे, ते वाकवून, ओरबाडून, तोलून पाहिले जायचे, तौलनिक तक्ता व्हायचा, सही व्हायची, आणि वस्तू ज्याला वापरायची त्याच्याकडे निघून जायची. कोटेशनरावांनी आजवर कंपनीच्या सगळ्या शिड्या निवडल्या होत्या, पण एकीवरही पाय ठेवला नव्हता. आग विझवायची नळकांडी निवडण्यात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मात्र उद्या खरंच आग लागली असती, तर त्यांनी नळकांडं कोणत्या टोकाने धरलं असतं ते सांगता येत नाही. वस्तू एकदा निवडली की त्यांच्या लेखी ती संपली.

असा माणूस स्वतःच्या खिशासाठी घडीचा चाकू निवडायला बसला होता, आणि बसून बरेच महिने झाले होते.

याला कारण त्यांचे सासरे. सासरे शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. पेन्सिलींना टोक करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि त्या कामाचा घडीचा चाकू निवृत्तीनंतरही खिशात राहिला. पार्सलची दोरी असो, सफरचंद असो, खिडकीची फुगलेली कडी असो, घोडं अडलं की मास्तरांचा हात खिशात जायचा आणि चाकू बाहेर यायचा. तोवर जावई दातांनी दोरी तोडू पाहत असायचा.

हेही कोटेशनरावांनी वर्षानुवर्षं सहन केलं होतं. पण अलीकडे मास्तरांनी नवीनच खोड काढली होती. चाकू काढायचा, तो मिटलेलाच जावयापुढे धरायचा आणि वर्गात बोलल्यासारखं म्हणायचं, "हं. उघडा."

तो चाकू जुना, स्प्रिंग हटवादी. पात्यावरच्या बारीकशा खाचेत नख घालून ते ओढायचं. कोटेशनरावांची नखं नीट कापलेली. ते ओढायचे, लाल व्हायचे, पुन्हा ओढायचे. मग स्वयंपाकघरातून सासूबाई पदराला हात पुसत यायच्या, "द्या इकडे," म्हणायच्या आणि एका झटक्यात चाकू उघडून मास्तरांच्या हातात द्यायच्या. सासऱ्यांपुढे हरणं एक वेळ चालतं, जगातले निम्मे जावई तेच करत असतात. पण सासूबाईंपुढे, तेही त्यांच्या ध्यानीमनी नसताना हरायचं, हे कोटेशनरावांच्या जिव्हारी लागलं होतं. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, मास्तरांच्या आधी आपल्या खिशातून चाकू निघावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

म्हणून त्यांच्या चाकूची पहिली अट ठरली. तो एका हाताने, नखाशिवाय आणि सासूबाईंशिवाय उघडला पाहिजे.

मग बाकीच्या अटी आल्या. पातं गंजू नये, पण लवकर बोथटही होऊ नये. वजन खिशाला कळू नये, पण हाताला कळावं. फोनवर चाकूंच्या चित्रफिती बघता बघता कोटेशनरावांचे डोळे लाल झाले. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्ट बाईंना पोलादाच्या जाती तोंडपाठ झाल्या. गावातल्या चाकू-कात्र्यांच्या दुकानदाराला तर ते दिसले की घेरी यायची बाकी राहायची.

"साहेब, तुम्हाला कापायचं काय आहे?" त्याने एकदा कळवळून विचारलं.

"रोज जवळ बाळगायचाय."

"हो, पण बाळगून कापायचं काय?"

"प्रसंग येईल तसं."

"कसला प्रसंग?"

आता सासऱ्यांची गोष्ट दुकानात कशी सांगणार? कोटेशनरावांनी विषय बदलून मुठीच्या स्क्रूंचं काय ते विचारलं.

अखेर प्रसंग ठरला आणि त्यापायी चाकूही ठरला. मास्तरांचा वाढदिवस शनिवारी होता. सगळ्यांनी मिळून त्यांच्यासाठी एक भली मोठी आरामखुर्ची घेतली होती, अर्थात कोटेशनरावांनी निवडलेली, आणि ती जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेल्या खोक्यातून थेट मास्तरांच्या घरी यायची होती.

"खोका मी आल्याशिवाय उघडायचा नाही," कोटेशनरावांनी बायकोला बजावलं. ती सकाळीच माहेरी जाणार होती.

"का? खुर्ची उडून जाणारे?"

"सांगितलं ना. मी आलो की मी उघडेन."

बायकोने नवऱ्याकडे नीट पाहिलं, तिला सगळं कळलं, आणि ती माहेरी न्यायची पिशवी भरायला लागली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

शनिवारी अर्धा दिवस ऑफिस. मधल्या सुट्टीत कोटेशनराव दुकानात गेले. काळ्या मुठीचा, पात्याच्या बुडाशी बटणासारखी गुंडी असलेला, आटोपशीर चाकू डबीत पडला होता.

"थांबा, उघडून-मिटून दाखवतो," दुकानदार म्हणाला. "याची जरा वेगळी..."

"मला दाखवता?" कोटेशनराव हसले. "अहो, याच्याबद्दल तुम्हाला नसेल तेवढं मला माहितीये." आणि डबी उचलून ते चालू लागले. दुकानदाराने हात जोडले, ते निरोपाचे होते की सुटकेचे, हे त्यालाच ठाऊक.

टायपिस्ट बाई लवकर गेल्या, साहेब आलेच नव्हते, विभाग रिकामा झाला. कोटेशनरावांनी टेबल पुसलं, डबी उघडली, चाकू हातात घेतला आणि अंगठ्याने गुंडी ढकलली. खट्! पातं बाहेर आलं आणि जागच्या जागी बसलं. एका हाताने, नखाशिवाय, सासूबाईंशिवाय! कोटेशनरावांना इतका आनंद झाला की त्यांनी रिकाम्या खोलीला म्हटलं, "हं. उघडला."

मग तो मिटायला गेले, तर तो मिटेना.

पातं दाबलं. हलेना. गुंडी उलटी ढकलली. ढिम्म. टेबलाच्या कडेवर ठेवून रेटलं, तर टेबलाला खाच पडली. हे टेबलही त्यांनीच निवडलं होतं, ओरखडे न पडणारं म्हणून. कोटेशनरावांना हळूहळू एक भयंकर गोष्ट उमगली. इतके महिने पोलाद, मूठ, धार, वजन सगळं त्यांनी पाहिलं. चाकू उघडताना तर हजारदा पाहिला. पण 'तो मिटायचा कसा' असं शीर्षक आलं की हे पोराटोरांसाठी म्हणून ते पुढे सरकायचे. वस्तू निवडायची होती, वापरायची थोडीच होती!

फोन काढला. सकाळपासून ह्याच चाकूच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा बघितल्यामुळे त्याने मान टाकली होती, आणि चार्जर घरी होता. दुकान शनिवारी दुपारनंतर बंद. आणि समजा उघडं असतं, तरी 'तुम्हाला नसेल तेवढं मला माहितीये' म्हणून आलेला माणूस तासाभरात कुठल्या तोंडाने परत जाणार?

खिशात घालावा तर मांडी जाते. पिशवीत घालावा तर पिशवी जाते. शेवटी कोटेशनरावांनी तो जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि हातात धरून निघाले. गेटवर वॉचमनने हटकलं, कारण कागदातून टोक बाहेर आलं होतं.

"काय आहे साहेब हे?"

"नमुना," कोटेशनराव म्हणाले. खरेदी विभागाचा माणूस उद्या जिवंत घोडा घेऊन निघाला, तरी या एका शब्दावर गेटमधून सुटतो.

"मग मिटून न्या की."

"नमुना उघडाच न्यायचा असतो."

वॉचमनने मान डोलावली, पण पुढे रस्त्यावर कोणाला नमुना वगैरे सांगायची सोय नव्हती. हातात उघडा चाकू घेतलेला, चुरगळलेल्या चेहऱ्याचा माणूस भराभर चालत येताना दिसल्यावर लोक आपोआप वाट देत होते. एका बाईने पर्स छातीशी धरून रस्ता ओलांडला. कोटेशनराव तिच्याकडे बघून धीर द्यावा म्हणून हसले, तशी ती पळतच सुटली.

कोपऱ्यावर फळवाल्याची गाडी होती. त्याने त्याची हातभर सुरी एका कलिंगडात खुपसून ठेवली होती आणि तो निवांत पेपर वाचत होता. आजूबाजूला बायका-पोरं उभी होती, सुरीकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. कोटेशनरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सुरी हातात असली की माणूस गुंड दिसतो, कलिंगडात असली की गृहस्थ!

"एक द्या. मोठं."

"कापून देऊ?"

"नको, मी कापीन," असं म्हणून त्यांनी आपला चाकू मुठीपर्यंत कलिंगडात खुपसला.

फळवाल्याने पेपर खाली केला. "असं घेऊन जाणार?"

"घरी वाढदिवस आहे," कोटेशनराव म्हणाले. फळवाल्याचं त्याने समाधान झालं नाही, पण पैसे मिळाले होते.

बसमध्ये युक्ती नामी ठरली. कोणी घाबरलं नाही. उलट शेजारच्या आजोबांनी मान वळवून रस घेतला.

"गोड आहे का?"

"माहिती नाही. अजून कापलं नाही."

"चाकू तर घातलाय."

"घातलाय, पण कापलं नाही."

"मग काढा की जरा, बघू तरी."

"गाडीत कापाकापी चालणार नाही!" कंडक्टर मागून ओरडला. "सगळा चिखल होतो, साफ मलाच करायला लागतं."

"मी कुठे कापतोय? हे आपलं..."

एवढ्यात ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला. आजोबा कोटेशनरावांवर आले, कोटेशनराव कलिंगडावर आले आणि कलिंगड, ज्याला आधीच आतून भगदाड पडलेलं होतं, ते दोघांच्या मध्ये फुटलं. निम्मं सीटखाली गडगडत गेलं, निम्मं कोटेशनरावांच्या पांढऱ्या शर्टावर बसलं. चाकू मात्र त्यांच्या मुठीत शाबूत राहिला, उघडाच.

"गोड आहे," आजोबा मिशी चाटून म्हणाले.

कंडक्टरने दोघांनाही पुढच्या थांब्यावर उतरवलं. आजोबांचा थांबा तोच होता, त्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती. कोटेशनरावांना तिथून चालावं लागलं. आता हातात उघडा चाकू होता, छातीपासून गुडघ्यापर्यंत लाल ओघळ होते आणि त्यांना गृहस्थ ठरवणारं कलिंगड बसमध्ये राहिलं होतं. ते तोंड लपवून भिंतीच्या कडेकडेने जात होते, आणि त्यामुळे होते त्याहून जास्तच संशयास्पद दिसत होते.

मास्तरांच्या दाराची घंटा वाजली तेव्हा दार बायकोने उघडलं. तिने शर्ट पाहिला, चाकू पाहिला, आणि तिचा हात छातीवर गेला.

"अहो! कोणाला...?"

"कलिंगड आहे."

बायकोने वाकून वास घेतला आणि मगच श्वास सोडला. "चाकू आणलात का एकदाचा?"

"आणला."

"मग खिशात का नाही?"

"आधी खोका कुठाय ते सांग."

आत मेहुण्याने खोक्याशी झटापट चालवली होती. किल्लीने झालं, नेलकटरने झालं, आता तो दातांवर आला होता. मास्तर समोर जुन्या खुर्चीत बसले होते आणि त्यांचा हात... मास्तरांचा हात खिशाकडे निघाला होता!

"थांबा बाबा!" कोटेशनराव ओरडले, आणि शर्टाची, चपलांची, कशाचीही पर्वा न करता खोक्याजवळ गेले. पट्टीखाली पातं सरकवलं. सर्रकन पट्टी तुटली. दुसरी. तिसरी. खोका फुलासारखा उमलला. मेहुण्याने तोंडातली पट्टी काढून टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून मान डोलावली. मास्तरांचा हात खिशातच राहिला. इतक्या महिन्यांच्या तपश्चर्येचं फळ कोटेशनरावांना मिळालं होतं, आणि त्यांना खरोखर रडू यायच्या बेतात होतं.

"वा! काय धार आहे," मेहुणा म्हणाला. "आता मिटा तो, खुर्ची बाहेर काढू."

"असू दे," कोटेशनराव म्हणाले. "अजून लागेल."

खुर्ची त्यांनी एका हाताने ओढली. फोटोत ते चाकू पाठीमागे लपवून उभे राहिले. मेहुण्याने शर्ट बदलायला दिला, तो बाहीत चाकू अडकल्यामुळे अर्धाच अंगात गेला. केक आला तेव्हा 'यानेच कापू' म्हणून त्यांनी थोडा वेळ काढला, पण केक छोटा होता.

"द्या, धुऊन मिटून ठेवते," सासूबाई हात पुढे करून म्हणाल्या.

"नको आई, धार फार आहे. लागेल तुम्हाला."

"मग तुम्ही मिटा."

कोटेशनरावांनी चाकू पुन्हा पाठीमागे नेला. तेवढ्यात मास्तर नव्या खुर्चीतून उठले.

"जावईबापू, जरा गॅलरीत या. तो घेऊन या."

गॅलरीत दोघंच होते. मास्तरांनी दार ओढून घेतलं.

"मिटत नाही ना?"

कोटेशनरावांनी मान खाली घातली. खोटं बोलायला आता अंगात त्राण नव्हतं. "नाही."

मास्तरांनी चाकू घेतला, उजेडाकडे धरला आणि चित्राकडे बघावं तसा एक डोळा मिटून पाहिला. मुठीच्या पोटात एक बारीक पट्टी पात्याला आडवी आलेली होती. त्यांनी ती बोटाने नुसती बाजूला सारली. टक्! चाकू मिटला.

"जोर नाही लागत. जागा कळावी लागते," ते म्हणाले. मग त्यांनी गुंडीवर अंगठा ठेवून ढकललं. अंगठा घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. त्यांनी चाकू जावयापुढे धरला आणि त्याच वर्गातल्या आवाजात म्हणाले, "हं. उघडा."

कोटेशनरावांच्या अंगावर नेहमीचा काटा आला, आणि तेवढ्यात त्यांची नजर मास्तरांच्या अंगठ्यावर गेली. तो थरथरत होता. पेन्सिलींना टोक करून करून एका बाजूने चपटा झालेला तो अंगठा चाकूवर नीट टेकतही नव्हता.

"बाबा, तुम्हाला..."

"दीडेक वर्ष झालं. तो जुना तर उघडतच नाही. प्रत्येक वेळी हिला हाक मारायची म्हणजे बरं दिसत नाही हो. म्हणून तुम्हाला द्यायचो. म्हटलं, तुमच्या हातून उघडला तर परस्पर भागेल."

"आणि मला वाटायचं, तुम्ही माझी परीक्षा घेताय!"

"परीक्षा कसली? मी तुमच्या भरवशावर होतो. तर तुम्ही माझ्याहूनही..." मास्तरांनी वाढदिवसाचा मान राखून वाक्य अर्धंच सोडलं.

कोटेशनरावांना हसू आलं आणि गहिवरूनही आलं. ज्या माणसाला हरवायला ते इतके दिवस झुरत होते, तो बिचारा त्यांची मदत मागत होता. त्यांनी अंगठ्याने गुंडी ढकलली. खट्. मास्तरांनी पट्टी सारली. टक्. दोघांनी मिळून तो आठ-दहा वेळा उघडला आणि मिटला. त्या गॅलरीत ठरलं की यापुढे उघडणं जावयाकडे, मिटणं सासऱ्यांकडे, आणि बाकीच्यांना यातलं काही सांगायचं नाही.

तेव्हापासून त्या घरात पार्सल आलं की जावयाला बोलावणं जातं. कोटेशनराव ऐटीत चाकू काढतात, खट् करून उघडतात, कापतात आणि मग तो अदबीने मास्तरांपुढे धरतात. मास्तर टक् करून मिटतात. "आदर शिकावा तर यांच्याकडून," असं मेहुणा पाहुण्यांना सांगतो.

तसं पाहिलं तर कोटेशनरावांनी त्याच रविवारी, फोनला जीव आल्यावर, चाकू मिटायचा कसा ते बघून घेतलं होतं. आता तो त्यांना डोळे झाकूनही मिटता येतो. पण ते मिटत नाहीत. मास्तरांपुढे धरतात आणि म्हणतात, "बाबा, बघा ना, मला मेलं जमतच नाही." एवढा एक मोठेपणा आपण म्हाताऱ्यासाठी करतो, याचं त्यांना मनातून फार कौतुक वाटायचं.

मागच्या आठवड्यात ते चाकू मास्तरांकडे विसरले. ऑफिसला जाता जाता घ्यायला गेले, तर दार उघडंच होतं. मास्तर आरामखुर्चीत दाराकडे अर्धवट पाठ करून बसले होते. मांडीवर वही, शेजारी पेन्सिली. त्यांनी चाकू उचलला, अंगठ्याची चपटी बाजू अलगद गुंडीखाली घातली आणि जोर न लावता, नुसती जागा साधून, खट् करून उघडला. पेन्सिलीला लांबसडक टोक केलं. टक् करून मिटला. दुसरी पेन्सिल घेतली. खट्. टक्. असा हात चालला होता, जणू रोजची सवय.

कोटेशनरावांनी चार पावलं मागे येऊन मुद्दाम घंटा वाजवली.

मास्तरांनी घाईघाईने वही मिटली, मांडीवरचा भुसा झटकला आणि मिटलेला चाकू पुढे केला.

"बरं झालं आलात, जावईबापू. सकाळपासून खोळंबलोय. हं, उघडा."

कोटेशनरावांनी चाकू उघडला. मास्तरांनी पेन्सिलीला टोक केलं, पातं पुसलं आणि चाकू जावयापुढे धरला.

"की मिटता तुम्ही?"

"छे हो बाबा," कोटेशनराव म्हणाले, "मला कुठे येतंय?"